शाळेचे मासे आणि खुशालरावांचा कूलर

बाळांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही एका काचेच्या खोलीत राहता. खोलीला दार नाही, खिडकी नाही. आणि बाहेरून जो कोणी जातो, तो वरून एक लाडू आत टाकतो. आजोबा आले, लाडू! आजी आली, लाडू! दूधवाला आला, लाडू! पहिल्यांदा तुम्ही खूश व्हाल. मग पोट टम्म फुगेल. उरलेले लाडू तुमच्या पायाशी पडून राहतील, आंबतील, घाण सुटेल. तुम्हाला मात्र बाहेर पळता येणार नाही. कारण तुम्ही मासा आहात!

झाली कल्पना करून? आता डोळे उघडा, डोक्याला दुपट्टा बांधा आणि माझ्यासोबत अकोल्याला, जठारपेठेत चला. मे महिना आहे. रस्त्यावर पापड ठेवला तर भाजून निघेल, अशी दुपार आहे.

इथे खुशालराव राहतात. सगळं आयुष्य काळ्या मातीत, गुराढोरांत गेलेलं. आता गावाकडची शेती भावाकडे सोपवून ते मुलाच्या, म्हणजे बंडूच्या घरी आले आहेत. गाव सुटलं, बैल सुटले, पण पोळ्यात आपल्या ढवळ्या बैलाला पहिला मान मिळाला होता ही गोष्ट काही सुटली नाही. दाढी करायला गेले तरी न्हाव्याला सांगतात.

त्यांची नात आचल चौथीत होती. तिच्या वर्गात गप्पी माशांची एक टाकी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मासे कोणी घरी न्यायचे यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, आणि चिठ्ठी आचलची निघाली! सगळा वर्ग हळहळला. कुलदीप नावाचा एक वात्रट मुलगा तर उभा राहून म्हणाला, "मॅडम, हे पोट्टी मासे मारून आनते, पाहा तुमी!" तेव्हा आचलने सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून शब्द दिला होता, "एक बी मासा मरणार नाई."

आणि नेमकं अमरावतीला मामाचं लग्न आलं. आचल, तिची आई आणि बंडू, तिघेही निघाले. निघताना आचलने आजोबांना टाकीपुढे उभं केलं.

"आबा, दिवसातून एकदाच खायले द्यायचं. माशाच्या डोळ्याएवढं."

"अवं, डोळ्याएवढ्यानं कोनाचं पोट भरते?"

"माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढंच राह्यते आबा! मॅडमनं सांगतलं."

खुशालरावांनी मिशीवर हात फिरवला. "मी बैल सांभाळले, म्हशी सांभाळल्या. मले मासे शिकवते का तू? याईचं शेन काढा लागत नाई, याईले दावं बांधा लागत नाई. मासे म्हंजे डाव्या हातचा मळ! तू जा, मामाच्या लग्नात जिलबी खा."

आचल गेली. बस शहराबाहेर पडली नसेल, तोच खुशालरावांचं टाकीकडे लक्ष गेलं. सगळे मासे काचेला तोंड लावून उभे! तोंड उघड-मीट, उघड-मीट!

"अवं, आयकलं का?" त्यांनी बायकोला, दुर्गाबाईंना हाक मारली. "हे पाहा, कसे तोंड वासून राहिले! उपाशी हायेत बिचारे."

"पोट्टीनं एकदाच सांगतलं ना तुमाले?"

"दारातलं जनावर तोंड वासून उभं आन मी भाकर खाऊ? माझ्या घशाखाली उतरन का घास?"

त्यांनी चिमूट टाकली. बाळांनो, माशांची एक लबाडी सांगून ठेवतो. मासा आत्ताच जेवलेला असला तरी माणूस दिसला की काचेशी येतो आणि जन्माचा उपाशी असल्यासारखं तोंड करतो. आपण फसायचं नाही. पण खुशालराव बैलांच्या शाळेत शिकलेले. बैल असं तोंड करत नाही, बैल खरा असतो!

त्यांनी दुपारी टाकलं. संध्याकाळी टाकलं. दुर्गाबाईंनी, 'यांच्या लक्षात राहत नाही' म्हणून, आपलं वेगळं टाकलं. घरी येणाऱ्या पाहुण्याच्या हाती चहाचा कप दिला की खुशालराव दुसऱ्या हाती खाद्याची डबी द्यायचे. "टाका, टाका! लाजू नका, आपल्याच घरचे मासे हायेत!" आग्रहच असा की, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणेही आधी माशांना जेवू घालत. दोन दिवसांत महिन्याची डबी रिकामी झाली.

आता पंचाईत! पण खुशालराव डगमगणारे नव्हते. गल्लीच्या टोकाला त्यांचे मित्र भगवंतराव राहत. त्यांच्या दारी म्हैस होती.

"भगवंता, तुह्या म्हशीची ढेप दे बरं थोडी."

"कोनाले पाह्यजे?"

"माशाईले."

भगवंतरावांना एवढा ठसका लागला की म्हशीनेही मान वळवून पाहिलं. "अबे खुशाल, मासे दूध देऊन राहिले का तुह्ये?"

"हासू नको. सरकीची ढेप हाय हे! याच ढेपीवर माझा ढवळ्या पोळ्यात पहिला आला."

"आन माशाईचा पोळा कोन्या मैन्यात भरते?"

खुशालरावांनी ती पेंडीची ढेप घेतली, घरी आले, बैलांसाठी भिजवायची तशी वाटीत भिजवली आणि मोठ्या प्रेमाने टाकीत सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण त्याला पाणी म्हणायला जीभ रेटत नव्हती. ज्वारीची अंबील करून कोणीतरी ठेवली आहे आणि त्यात मासे पडले आहेत, असं दिसत होतं. सगळे मासे वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड लावून होते.

"हे वर येऊन काय करून राहिले?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"हवा खाऊन राहिले. मे मैना हाय ना!"

हवाच खात होते बिचारे! सडलेलं अन्न पाण्यातली हवा संपवतं, मग मासा वर येऊन धापा टाकतो. आपल्याला जिना चढून दम लागतो तसा. तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल! अमरावतीहून आचल!

"आबा, मासे दाखवा!"

खुशालरावांनी फोन भर्रकन टाकीसमोरून फिरवला.

"आबा, पानी पिवळं काहून दिसते?"

"तुह्या फोनले हळद लागली असन. हळदीचा कार्यक्रम चालू हाय ना तिथी?"

कसंबसं ते निभावलं. पण फोन ठेवल्यावर खुशालराव टाकीजवळ वाकले आणि त्यांचा चेहरा उतरला. केशरी शेपटीचा एक मासा होता, मुलांनी त्याचं नाव झेंडू ठेवलं होतं. तो एका कुशीवर कलला होता. बसलेला बैल उठेनासा झाला तर शेपटीला धरून उठवता येतो, पण याला कुठे धरायचं! नातीचा शब्द त्या एवढ्याशा माशाच्या अंगावर टांगलेला होता!

आता पाणी बदलायला हवं. नळ? नळाला पाणी यायला अजून अवकाश. ड्रम? ड्रमातलं पाणी दुर्गाबाईंनी कुरड्यांच्या गव्हासाठी संपवलेलं. हंडा? हंड्यात पिण्यापुरतं. खुशालराव घरभर भिरभिरले. आणि त्यांची नजर खिडकीशी उभ्या असलेल्या कूलरवर पडली.

कूलर! टाकी गळ्यापर्यंत भरलेली! पाणीही चार दिवसांचं शिळं, म्हणजे नळाच्या औषधाचा वास केव्हाच उडालेला.

त्यांनी आधी बटण बंद केलं, मग पिन काढली. हे मात्र शहाण्यासारखं केलं, तुम्हीही कूलरजवळ मोठ्यांना घेऊनच जायचं. मग दुर्गाबाई गच्चीवर कुरड्या घालायला गेल्याचं पाहून चहाची गाळणी उचलली, एकेक मासा गाळला आणि कूलरमध्ये सोडला. टाकी घासून उन्हात पालथी घातली. एवढी धावपळ त्यांनी ढवळ्याच्या आजारपणातही केली नव्हती. थकून ते ओसरीवर आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती कूलरच्या घरघरीने.

"बाप्पा!" खुशालराव उठले ते धोतराचा सोगा तुडवतच आत धावले. दुर्गाबाई गच्चीवरून उतरून, पदर पसरून कूलरसमोर निवांत बसल्या होत्या.

"बंद करा! बंद करा तो!"

"काहून? उन्हातून आली मी. मस्त थंड हवा येऊन राहिली."

"आत मासे हायेत!"

दुर्गाबाईंचा पदर जागच्या जागी थांबला. "कूलरात मासे? तरी मंगापासून म्हनून राहिली मी, हवेले हा वास कायचा!"

खुशालरावांनी झटकन बटण बंद केलं, पिन काढली, जाळी उघडली आणि आत डोकावले. आणि काय पाहतात! पंपाच्या तोंडाला बारीक जाळी होती, तिने माशांना लांब ठेवलं होतं. गवताच्या ताट्यांवरून पाण्याच्या धारा टपटप खाली पडत होत्या, आणि त्या धारांखाली सगळे मासे सरळ, ताठ, मजेत फिरत होते. झेंडूसुद्धा! पडणाऱ्या धारांनी पाण्यात हवा मिसळत होती आणि पाणीही माठासारखं गार झालं होतं.

"पाह्यलं!" खुशालरावांची मिशी पुन्हा वर गेली. "याले म्हंतेत जनावराची पारख!"

त्यानंतर मासे कूलरमध्येच राहिले. नळ आला, ड्रम भरला, टाकी वाळली, तरी खुशालराव हलले नाहीत. चालती गाडी कशाला अडवा! आणि खायला घालायची तर त्यांना आता धास्तीच बसली होती. अडचण एकच होती. फोन!

"आबा, मासे दाखवा."

"झोपले."

"मंग झोपलेले दाखवा."

"लाइट गेली वं, अंधार हाय."

"मंग तुमच्या मागं पंखा कसा फिरून राहिला?"

खुशालरावांनी फोन कापला. अमरावतीत मामाची वरात निघाली तेव्हा सगळे नाचत होते, आचल मात्र रडवेली होऊन एका बाजूला बसली होती, असं तिच्या आईने नंतर सांगितलं. तिच्या डोळ्यांपुढे कुलदीपचे दात येत होते.

लग्न आटोपताच आचलने सगळ्यांना सकाळच्या पहिल्या बसमध्ये बसवलं. आणि त्याच सकाळी खुशालरावांच्या दारात आल्या मायाताई. डेंग्यूच्या तपासणीसाठी घरोघर फिरणाऱ्या. एका हातात टॉर्च, गळ्यात ओळखपत्र, आवाज असा की तीन घरं पलीकडचे डासही सावध होतील.

"काका, कूलर उघडा. आठोड्यातून एकदा कोरडा करा लागते. पानी सांडून देतो."

खुशालराव कूलरला पाठ लावून उभे राहिले. "हात लावू देनार नाई."

"काहून?"

"माझा कूलर हाय."

"म्हंजे आत अळ्या हायेत!"

"अळ्या नाईत!"

"मंग काय हाय?"

काय सांगावं! आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. भगवंतराव म्हैस सोडून आले. "अबे खुशाल, उघड ना! आत का खजिना पुरला?" दुर्गाबाई पदराने तोंड झाकून हसत होत्या. आणि त्या गर्दीतून वाट काढत, प्रवासाची पिशवीही न टाकता, आचल आत आली. तिने ओट्यावरची रिकामी, कोरडी ठक्क टाकी पाहिली.



"आबा," तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मासे कुठी हायेत?"

खुशालरावांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. अगदी काचेपुढच्या माशासारखं! मग ते बाजूला सरले, बटण बंद केलं, पिन काढली आणि कूलरची जाळी उघडली.

मायाताईंनी टॉर्च मारला. "वा! हे गप्पी हायेत! हेच तं आमी लोकाईले कूलरात टाका म्हंतो, डासाच्या अळ्या खातेत हे." आणि मग एकदम ओरडल्या, "थांबा! त्या कोपऱ्यात काय वळवळते? अळ्याच हायेत!"

गवताचा थोडा काडीकचरा गळून कोपऱ्यात तरंगत होता. त्यात काळे ठिपके हलत होते. आचल कूलरमध्ये अर्धी वाकली. नाक पाण्याला टेकायचंच बाकी राहिलं.

"मावशी, अळ्या नाईत! डोळे हायेत त्याईले! शेपट्या हायेत! पिल्लं हायेत पिल्लं!"

एकच जल्लोष झाला! भगवंतरावांनी खुशालरावांना मिठी मारली. मायाताईंनी पुन्हा पुन्हा टॉर्च फिरवला आणि दारात उभं राहून साऱ्या गल्लीला ऐकवलं, "पाहा, एक बी अळी नाई! साऱ्या जठारपेठेत असा कूलर पाह्यला नाई मी! काका, पिल्लं मोठे झाले की मले द्या, बाकी घराईत सोडतो." एकही मासा न मरता शाळेच्या माशांचं खटलं वाढलं होतं. कुलदीपने आता काय बोलावं!

खुशालराव खुर्चीत बसले. मिशीला दोन्ही बाजूंनी पीळ दिला. गल्लीतल्या लोकांना म्हणाले, "त्याचं असं हाय, पारख लागते. मी म्हनलं, जनावराले बाळंतपनाले गार जागा पाह्यजे..." लोक माना डोलवत होते. पुढच्या पोळ्याला कूलरला झूल घालून मिरवायचा, एवढंच सांगायचं बाकी होतं. बोलता बोलता घाम आला म्हणून त्यांनी कूलरच्या पिनेकडे हात नेला.

तर पिन आचलच्या मुठीत!

"आबा, पिल्लं लय बारीक हायेत. पंपाच्या जाळीतून आत ओढल्या जातीन. मोठे मासे टाकीत नेतो मी, नाई तं ते पिल्लं खाऊन टाकतीन. पन पिल्लं मोठी होईपर्यंत कूलर लागनार नाई."

"मे मैना हाय वं माय!" खुशालराव कळवळले.

आचलने विचार केला. तिला आजोबांची दया आली असावी, असं सगळ्यांना वाटलं. ती आत गेली, आजीचा वेताचा पंखा घेऊन आली आणि तो खुशालरावांच्या हातात दिला. खुशालरावांनी समाधानाने डोळे मिटले आणि स्वतःला वारा घालायला सुरुवात केली.

आचलने त्यांचं मनगट धरलं आणि पंखा हळूच कूलरकडे वळवला.

"तुमाले नाई आबा. त्याईले घाला. पानी गरम होऊन राहिलं."