सासूबाईंचे जादा आयुष्य

निवृत्त माणसांच्या पेन्शनविषयीच्या तक्रारी ऐकण्यासाठी आमचे मंडळ स्थापन झाले, आणि त्या तक्रारींपासून मंडळाचे रक्षण करण्यासाठी माझी नेमणूक झाली. मी मंडळाचा विधी सल्लागार. म्हणजे पगारी, कायमचा, घरचाच वकील. बाहेरच्या वकिलाला अशील शोधत फिरावे लागते. माझा अशील माझ्या शेजारच्या खोलीत बसतो, त्याला अध्यक्ष म्हणतात, आणि त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी असते. वर्षअखेरीस सगळ्या तक्रारी निकाली निघालेल्या दिसाव्यात.

निकाली निघणे वेगळे आणि न्याय मिळणे वेगळे, हे लोकांना काही केल्या कळत नाही. आणि लोक म्हणजे तरी कोण? सगळे म्हातारे. बोलायला लागले की नोकरीत रुजू झाल्याच्या दिवसापासून सुरुवात. साहेब, मी लागलो तेव्हा ऑफिसात पंखासुद्धा नव्हता! नसेल. त्यात मंडळाचा काय दोष?

आमची कचेरी चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण ती कर्मचाऱ्यांसाठी राखीव. यामागे दुष्टपणा नाही, विचार आहे. जो तक्रारदार जिने चढून वर येतो, तो धडधाकट असल्याची नोंद दारातच होते. जो येऊ शकत नाही, तो गैरहजर ठरतो, आणि गैरहजर माणसाची तक्रार निकाली काढायला फारसा वेळ लागत नाही. वर आल्यावर बसायला एक बाक आहे. तो मुद्दाम थोडा उंच करून घेतला आहे, म्हणजे कुणी फार वेळ बसत नाही.

पण माझी खरी कीर्ती झाली ती निर्वाहाच्या तत्त्वामुळे. माझ्या आधीचे सल्लागार प्रत्येक प्रकरणात पेन्शन का थांबली, कुणी थांबवली, हे खोदत बसायचे. बिचारे! मी आल्या आल्या एका तक्रारदाराची फाइल पुढे ठेवून अध्यक्षांना एक साधा प्रश्न विचारला.

"साहेब, या माणसाची पेन्शन केव्हाची बंद आहे. मग हा अजून जिवंत कसा?"

"कसा?" अध्यक्ष म्हणाले. प्रश्न परत विचारणे हा त्यांचा स्वभाव आहे.

"खातोपितो म्हणूनच ना? म्हणजे कुठून तरी येतंय. येतंय म्हणजे नुकसान नाही. आणि नुकसान नाही, तर तक्रार कसली?"

अध्यक्षांचा चेहरा उजळला. मग एकदम पडला. "आणि समजा, मेला तर?"

"तर तक्रारदारच राहिला नाही, साहेब."

त्या दिवशी अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने मला चहा ओतून दिला. माझे मत छापून, चौकटीत घालून सुनावणीच्या खोलीत भिंतीवर टांगले गेले. तक्रारदार जिवंत असल्यास निर्वाह सिद्ध. मृत असल्यास प्रकरण बंद. खाली ठळक अक्षरांत, अपवाद केला जाणार नाही. ही शेवटची ओळ माझी आवडती. एकदा अपवाद केला की रांग लागते.

या मतामुळे पेन्शन कार्यालयालाही हुरूप आला. त्यांनी एक तक्ता तयार केला. कारकून सरासरी किती जगतो, ड्रायव्हर किती जगतो, शिक्षक किती. त्यापुढे जे काही जगणे होते, त्याला 'जादा आयुष्य' असे नाव दिले, आणि अशा सर्वांना नोटिसा धाडल्या. 'आपण आपल्या संवर्गाचे अपेक्षित आयुष्य ओलांडून हयात असल्याचे निदर्शनास आले आहे. जादा आयुष्याबाबत समाधानकारक खुलासा प्राप्त होईपर्यंत आपली पेन्शन रोखून धरण्यात येत आहे.' मसुदा तपासायला माझ्याकडेच आला होता. मला तो स्वच्छ वाटला. मी एक स्वल्पविराम तेवढा हलवला.

तीच नोटीस माझ्या सासूबाईंना आली.

सासूबाई एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. त्यांच्या वॉर्डात पाऊल टाकताना भलेभले सर्जनसुद्धा आवाज खाली आणायचे. निवृत्त झाल्यापासून त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन भाड्याच्या खोल्यांत एकट्या राहत. खिडकीत लख्ख पुसलेली काच, दाराला पितळी कुलूप, आणि कुलपाची किल्ली कायम त्यांच्या कमरेला. "माझ्या पेन्शनीत माझं भाडं भागतं, आणि माझ्या घरात माझंच चालतं," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. आता पेन्शन थांबली. घरमालक तर त्या कधी जातात याची वाटच पाहत होता, त्याला खोल्या रंगवून दुप्पट भाड्याने द्यायच्या होत्या. जावयाच्या पैशाने भाडे भरणे त्यांना मंजूर नव्हते, म्हणजे भाडे चुकणार, सासूबाईंचे बिऱ्हाड हलणार, आणि हलून येणार कुठे? आमच्याकडे.

आमच्याकडे एक जादा खोली आहे. तिला माझी अभ्यासिका म्हणतात. मी तिथे अभ्यास करत नाही, दार लावून बसतो. घरात मला लावता येईल असे ते एकच दार आहे. सासूबाईंबद्दल मला आदर आहे, आणि शहराच्या दुसऱ्या टोकावरून तो अपार आहे.

"अहो, तुमच्याच मंडळात तक्रार करायची ना?" बायको म्हणाली. "मग काळजी कसली? घरचंच तर काम."

मी कपाळाला हात लावला. आमच्या मंडळात काय चालते हे मी इतक्या वर्षांत तिला कधी सांगितले नव्हते. मी लोकांची कामे करतो, असा तिचा समज होता.

आधी खुलासा पाठवायचा होता. मी एक सुरेख मसुदा केला. 'अर्जदार अनवधानाने व कोणताही गैरहेतू नसताना हयात राहिली आहे.' सासूबाईंनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा काढून परत एकदा वाचला, आणि फाडून टाकला.

"जावईबापू, हे मी जगल्याची माफी मागताय का तुम्ही?"

"आई, ती एक पद्धत असते."

"असू दे तुमच्यापाशी."

मग त्यांनी स्वतःच लिहिले. 'मी रोज चालते, बेताचं खाते आणि कुणाच्या घरी राहत नाही. म्हणून अजून आहे. सध्या मरायचा विचार नाही.' पेन्शन कार्यालयाने खुलासा असमाधानकारक ठरवला. खुलाशातून यापुढेही हयात राहण्याचा स्पष्ट इरादा दिसून येतो, असा त्यांचा शेरा होता. खरे सांगायचे तर कायद्याच्या दृष्टीने शेरा बिनतोड होता. मलाही याहून बरा सुचला नसता.

शेवटी तक्रार आमच्याकडे आली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच एखादा तक्रारदार जिंकावा असे मला वाटत होते. जेवण गोड लागेना. मी अध्यक्षांना गाठले.

"साहेब, तक्रारदार माझ्या सासूबाई आहेत. यात मला मत देता येणार नाही."

"नका देऊ," अध्यक्ष म्हणाले. "तुमचं मत भिंतीवर आहेच की."

"पण साहेब, एखादा अपवाद..."

"अपवाद?" त्यांनी भिंतीकडे बोट दाखवले. "शेवटची ओळ तुम्हीच घालायला लावलीत ना?"

दुर्दैवाने माझे लिखाण फार नेटके असते.

सुनावणीच्या दिवशी सासूबाई जिने चढून वर आल्या. धापसुद्धा लागली नव्हती. दारातल्या कारकुनाने लगेच नोंद केली. मागे माझी बायको, तिच्या मागे पेन्शन कार्यालयाचा प्रतिनिधी, आणि दाराशी शिपाई मंडळी, कारण विधी सल्लागाराची सासू पाहायला सगळ्यांनाच सवड झाली होती. सासूबाई उंच बाकावर बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या आणि अध्यक्षांच्या टेबलाखाली बघू लागल्या.

"साहेब, बुटाच्या नाड्या सैल सोडल्यात. संध्याकाळी पाय सुजतात का?"

"अं? हो, म्हणजे... तुम्हाला कसं कळलं?"

"काढा बूट."

आणि अध्यक्षांनी काढला! सुनावणी थांबली. पाय खुर्चीवर आला. सासूबाईंनी घोट्यावर अंगठा दाबला, सोडला, पडलेला खळगा पाहिला. "जेवताना वरून मीठ घेणं आजपासून बंद. आणि उद्या सकाळी डॉक्टर गाठायचा. परवा नाही, उद्या. हसण्यावारी नेऊ नका, साहेब." अध्यक्ष चक्क घाबरले होते. त्यांनी दोनदा आभार मानले, बूट चढवला, आणि कारकुनाला सांगितले, "लिहा. तक्रारदार आजही आपला व्यवसाय करण्यास सक्षम असल्याचे मंडळाने स्वतः अनुभवले आहे."

"मी पैसे मागितले का तुमच्याकडे?" सासूबाई म्हणाल्या.

"मागता आले असते, बाई. नोंद त्याची आहे." मग त्यांनी विचारले, "कुटुंबात कोण कोण?"

"एक मुलगी."

"आणि जावई?"

"हे काय, तुमच्या शेजारी बसलेत."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. चहा ओतून दिला त्या दिवसानंतर इतक्या प्रेमाने त्यांनी माझ्याकडे कधी पाहिले नव्हते.

"सल्लागार, एका प्रश्नाचं उत्तर द्या, म्हणजे आपण सगळे वेळेत घरी जाऊ. पेन्शन मिळाली नाही, तर तुम्ही सासूबाईंना उपाशी ठेवाल का?"

प्रश्नाची मेख मला कळत होती. कळणारच, कायदा माझाच होता. पेन्शन नुकतीच थांबलेली, तेव्हा नुसते जिवंत असणे पुरत नव्हते, यापुढे खायला कोण घालणार हे दाखवावे लागत होते. मी 'हो' म्हटले की निर्वाह सिद्ध होत नव्हता, पेन्शन सुरू होत होती. सासूबाईंचे कुलूप त्यांच्या दाराला राहत होते आणि माझे दार मला. एका शब्दाचा प्रश्न होता.

सासूबाई माझ्याजवळ आल्या. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "जावईबापू, हो म्हणा. मला अजिबात राग येणार नाही. माझ्या खोल्या राहतील हो."

त्या खोलीत मी आजवर काय काय बोललो आहे! जिवंत माणसाला तोंडावर सांगितले आहे की तुमचे काही नुकसान झालेले नाही. जीभ कधी अडखळली नाही. आणि आज एक छोटेसे खोटे, तेही दुसऱ्याच्या भल्याचे, घशातून बाहेर पडेना. प्रतिनिधी बघत होता. शिपाई बघत होते. हे सगळे घरी जाऊन सांगणार की सल्लागार सासूला उपाशी ठेवतो! लोक काय म्हणतील? मी उठलो, कोटाचे बटण लावले आणि छातीवर हात ठेवला.

"छे छे! साहेब, असं मनात तरी कसं येईल? त्या मला आईच्या ठिकाणी आहेत."

दाराशी कुणीतरी टाळी वाजवली. बायकोने डोळ्यांना पदर लावला. मला वाटले, अभिमानाने. तसे नव्हते, हे त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली तेव्हा कळले.

"निर्वाह सिद्ध," अध्यक्ष म्हणाले. "तक्रार निकाली."

महिना उलटायच्या आत घरमालकाने रंगारी बोलावले. सासूबाई एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन आल्या. अभ्यासिकेतले माझे टेबल जिन्याखाली गेले. पहिल्या संध्याकाळी मी स्वतः त्यांचे ताट वाढून नेले. म्हटले, शब्द दिलाय, पाळला पाहिजे. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. हातात ते पितळी कुलूप होते. या घरात ते लावायला कुठे जागा नव्हती.

"मी जेवायला मागितलं होतं का कुणाकडे?" त्या म्हणाल्या.

मी ताट त्यांच्यापुढे ठेवले. मला लाज वाटली. पण तिची नोंद करण्याची आमच्याकडे सोय नाही.

इकडे मंडळात मात्र माझी बढती झाली. कारण अध्यक्षांना, सूज उतरून ताजेतवाने होऊन परत आल्यावर, लक्षात आले की यात फार मोठी सोय आहे. आता प्रत्येक सुनावणीला तक्रारदाराच्या मुलाला, सुनेला, पुतण्याला, कुणीच नसेल तर शेजाऱ्याला बोलावतात, चारचौघांत उभे करतात आणि तोच प्रश्न विचारतात. आजवर एकही माणूस 'हो' म्हणालेला नाही. सगळे छातीवर हात ठेवतात, आणि म्हातारे शेजारी उभे राहून मान खाली घालतात. सगळ्या तक्रारी निकाली. भिंतीवरची चौकट काढून आता हाच प्रश्न तिथे टांगला आहे.

तुम्ही इथपर्यंत आलाच आहात, आणि मघापासून माझ्यावर चडफडताहात, तेही दिसते आहे मला. हरकत नाही. तुमच्याही घरात किंवा नात्यात कुणीतरी म्हातारे माणूस असेलच. आपल्या पेन्शनीत आपली खोली सांभाळून असेल. उद्या त्यांची पेन्शन बंद झाली, तर तुम्ही त्यांना उपाशी ठेवाल का?

छे छे म्हणालात ना? वाटलेच. चांगल्या घरातले दिसता.

नोंद घेतली आहे.