पडदा कुठल्या भिंतीला?

डॉक्टरांनी अण्णांना पंधरा दिवस दिले आणि त्याच दुपारी सुतारमेस्त्रीने सोळावा दिवस मोकळा असल्याचं कळवलं. चिरंजीवांनी हे काही ठरवून जुळवलं नव्हतं. मेस्त्री मागणीतला माणूस. पुढे एका हॉटेलच्या कामावर जाणार होता. "आत्ता नाही जमलं तर मग वर्षभराने बघा साहेब," असं तो फोनवर म्हणाला आणि चिरंजीवांच्या तोंडून "नाही नाही, आत्ताच!" असं निघून गेलं. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. तारीख मात्र त्यांनी डायरीत लिहून ठेवली.

चिरंजीव म्हणजे अण्णांचा एकुलता एक मुलगा. वय त्रेपन्न. विमा कचेरीत हेडक्लार्क. दिवसभर लोकांचे मृत्यूचे दाखले खरे की खोटे ते तपासायचं, यात अर्धं आयुष्य गेलेलं. घरी आल्यावर दोन तास कुणी मेलेलं नसावं, एवढीच त्यांची माफक इच्छा होती. म्हणून आठ वर्षं ते आणि सूनबाई एका खोलीचं स्वप्न बघत होते. सिनेमाचा भिंतभर पडदा, कोपऱ्यांत चार स्पीकर, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना जाड पॅनेल आणि पाय वर होणाऱ्या दोन खुर्च्या. कात्रणांची एक फाइलच तयार झाली होती. घरात हॉल, नवराबायकोची झोपायची खोली आणि अण्णांची खोली. यांतली कुठली, हा प्रश्न त्या फाइलीत कुठेच नव्हता. तो दोघांनी कधी तोंडाने काढलाही नव्हता.

अण्णा एक्याऐंशी वर्षांचे. न्यूमोनियातून उठले आणि हृदयाने दगा दिला. दवाखान्याने "आता घरीच न्या" म्हणून सांगितलं. तेव्हापासून ते डोळे मिटून पडून होते. चमच्याने पाणी घातलं तर घशाखाली जात होतं, एवढाच काय तो जिवंतपणा.

चौथ्या दिवशी मेस्त्री मापं घ्यायला आला.

"हळू बोला हां," सूनबाई दारातच म्हणाल्या. "आत आजारी माणूस आहे."

"मी कुठं ओरडतो ताई?" मेस्त्री ओरडला. त्याचा सगळा जन्म करवतीच्या आवाजात गेलेला. टेप पसरत तो खाटेपाशी थांबला. "ही खाट राहणार की जाणार?"

"जाणार," चिरंजीव कुजबुजले.

"कधी?"

चिरंजीवांनी वर आढ्याकडे पाहिलं. मेस्त्रीनेही पाहिलं. त्याला वाटलं, वर काही काम आहे.

"म्हणजे... बारा दिवस तरी लागतील," चिरंजीव म्हणाले.

"उशीर नको व्हायला साहेब. माझं पुढचं काम खोळंबतं."

त्या संध्याकाळी चिरंजीव जेवले नाहीत. सूनबाई जेवल्या, पण रडत रडत. "आपण काही त्यांचं वाईट चिंतत नाही," त्या म्हणाल्या. "आपण फक्त मापं घेतली." दोघांनी एकमेकांची समजूत काढली आणि ती दोघांनाही पटली नाही.

सहाव्या दिवशी दुकानदाराने गोदाम रिकामं करायचं म्हणून खुर्च्या आणि पॅनेलं आधीच पाठवून दिली. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. हमालांनी "कुठली खोली?" असं विचारलं आणि सवयीने दोघांचीही बोटं अण्णांच्या खोलीकडे गेली. खाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक काळी, गुबगुबीत खुर्ची येऊन बसली. उशाशी पॅनेलांची थप्पी.

दुसऱ्या दिवशी अण्णांचे कचेरीतले एक जुने सोबती शेवटचं भेटायला आले. त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला, हुंदका दिला आणि जवळच्या खुर्चीत अंग टाकलं. कोपर बटणावर पडलं. खुर्ची घरघरली, पाठ मागे गेली, पाय वर आले आणि पाहता पाहता ते अण्णांच्या शेजारी त्यांच्याइतकेच आडवे झाले.

"अरे, मला उठवा! माझी वेळ नाही आली अजून!"

चिरंजीव धावले. घाईत बटण उलटं दाबलं गेलं आणि पाय आणखी वर गेले. या गडबडीत खाटेवरून एक आवाज आला. बारीक, खरखरीत, पण स्पष्ट.

"पडदा कुठल्या भिंतीला?"

चिरंजीवांचं बोट बटणावरून निसटलं. खुर्चीसुद्धा थांबली. अण्णांचे डोळे उघडे होते.

"अण्णा! तुम्ही... कसला पडदा?"

"कालपरवा तो ओरडत होता तो. खिडकीसमोर घेणार म्हणाला. गाढवपणा आहे. खिडकी पश्चिमेची. चार वाजले की ऊन थेट पडद्यावर. काही दिसणार नाही." दम खाऊन ते म्हणाले, "कागद आण. पेन्सिल आण. पाणी नंतर."

अण्णांनी चौतीस वर्षं बांधकाम खात्यात नकाशे काढले होते. शाळा, गोदामं, दोन सभागृहं. निवृत्तीनंतर त्यांना कुणी एक कपाट कुठे ठेवावं हेही विचारलं नव्हतं. चिरंजीवांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण त्यांनी कागद आणला. पहिल्या दिवशी हात इतका थरथरत होता की भिंतीची लाट झाली. दुसऱ्या दिवशी अण्णा तीन उशांना टेकून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खायला मागितलं आणि मेस्त्रीलाही बोलावून घेतलं.

"आजोबा, तुम्ही ठीक झालात?" मेस्त्री जरा हिरमुसून म्हणाला.

"माझं सोड. ही खोली बघ. दहा बाय अकरा. पडद्यापासून खुर्ची किती लांब येईल? भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या मोरीचा पाइप. नळ सोडला की गुरगुरतो. ऐन रंगात आलेला सिनेमा, आणि तुला कुणीतरी तोंड धुतलेलं ऐकू येणार."

मेस्त्रीने भिंतीला कान लावला. "खरंय."

"आता यांची झोपायची खोली. पंधरा फूट लांब. ऊन नाही, एवढीशी खिडकी, बाकीच्या तिन्ही भिंती घरातल्याच. अशी खोली शोधून सापडायची नाही."

"अहो अण्णा, पण मग आम्ही?" सूनबाईंनी विचारलं.

"इथे. माझी खाट भिंतीला सरकवली की दोन गाद्या मावतात. मी मोजलंय."

नाही म्हणायला दोघांनी तोंड उघडलं आणि दोघांनाही एकदमच आठवलं की या माणसाच्या उशाशी त्याच्याच खोलीची पॅनेलं रचलेली आहेत. तोंडं मिटली. मेस्त्री मात्र खूश झाला. हातातलं काम लवकर आटोपलं होतं आणि सोळाव्या दिवसाची वाट बघायचं कारण उरलं नव्हतं. त्याने दुसऱ्या दिवशीच नवराबायकोचा पलंग सुटा करून गॅलरीत नेऊन ठेवला.

काम झालं ते देखणं झालं. अण्णा काठी टेकत रोज दोनदा पाहणी करत; एक पॅनेल तर त्यांनी दोनदा काढायला लावलं. अडचण एकच उरली. खुर्च्या दोन आणि माणसं तीन. एक अर्थातच अण्णांची. दुसरीत चिरंजीव आणि सूनबाई आळीपाळीने बसू लागले.

एका रविवारी सकाळी गादी गुंडाळता गुंडाळता चिरंजीवांनी धीर केला.

"अण्णा, एक विचारू? तुम्ही हे मुद्दाम केलंत ना? आमची खोड मोडायला?"

अण्णा चष्मा पुसत होते. "खोड कसली? माझ्या खोलीत केलं असतंस, तर त्या खुर्चीत तुला एक दिवस सुख लागलं नसतं. पाय वर केलेस की मी दिसलो असतो. मुलगा आहेस माझा, ओळखतो तुला." मग चष्मा लावून म्हणाले, "आणि ऊनही येत होतंच."

चिरंजीव अर्ध्या गुंडाळलेल्या गादीवरच बसले. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, छाती ऐकली, पुन्हा ऐकली आणि शेवटी हसून मान हलवली.

"माझा अंदाज साफ चुकला. हृदय घड्याळासारखं चाललंय. असंच राहिलं तर अण्णा शंभरी गाठतात बघा!"

सूनबाईंनी आपली गादी खाटेखाली सरकवली, ती अर्धी बाहेरच राहिली. चिरंजीवांनी सवयीने मनात वजाबाकी केली. एकोणीस वर्षं. तोवर आपण बहात्तरचे. जमिनीवरून उठता येईल का?

"काय रे, गप्प का झालास?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. बरं वाटलं, अण्णा." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते नेमकं कशाचं, याचा तपास आयुष्यभर तपास करत आलेल्या त्या माणसाने केला नाही.

अण्णांनी काठी घेतली आणि ते उठून उभे राहिले. "चला, सिनेमाची वेळ झाली. आज पाळी कुणाची, तुझी की तिची?"