तूर्तास जळाल्याचे समजण्यात यावे

कोणतंही काम एकट्या माणसाच्या हाती दिलं, की ते होऊन जाण्याची भीती असते. एकदा ते झालं की चर्चेला काही उरत नाही. सुधारलेल्या लोकांना हा धोका फार पूर्वीच कळला आणि त्यांनी समित्या काढल्या. करमणुकीचं क्षेत्र मात्र बराच काळ मागासलेलं राहिलं. माणसं एकेकटी खेळत, जिंकत किंवा हरत, आणि जेवायला उठत.

ही उणीव भरून काढणाऱ्या एका इंटरनेटवरच्या मंडळात आपला औषधवाला दाखल झाला, त्याची ही हकिकत.

खेळ तसा साधा होता. संगणकावर एक राष्ट्र चालवायचं. दगडी हत्यारांपासून सुरुवात करायची, गावं वसवायची, शेती करायची, आणि शेजारच्या राष्ट्रांशी (ती संगणक स्वतः चालवतो) भांडायचं किंवा गोड बोलायचं. एकटा माणूस एका दुपारी या खेळाच्या शंभर फेऱ्या उरकतो. मंडळाचे चौऱ्याहत्तर सभासद मिळून एकच राष्ट्र चालवत, आणि दोन वर्षांत त्यांच्या एकोणीस फेऱ्या झाल्या होत्या. दर सहा महिन्यांनी निवडणूक होई. एक अध्यक्ष, अकरा मंत्री, प्रत्येक गावाला एक गावप्रमुख आणि वर न्यायमंडळ. राष्ट्राकडे सैनिक दोन होते. म्हणजे दर सैनिकामागे साडेपाच मंत्री पडत, आणि हे प्रमाण सर्वांना समाधानकारक वाटे.

आता एवढं सगळं ठरल्यावर शेवटी कोणीतरी संगणकाची कळ दाबावी लागतेच. त्यासाठी ‘कार्यकारी कळदाबक’ असं पद होतं. या पदाला एकच पात्रता लागे, ती म्हणजे स्वतःचं मत नसणं. औषधवाला बावीस वर्षं दुकानाच्या काउंटरमागे उभा होता. चिठ्ठीवर असेल ते द्यायचं, आणि किती वेळा घ्यायचं ते सांगायचं. डॉक्टर लोकांचं अक्षर त्याला लागे, पण त्यावर त्याने कधी टीका केली नव्हती. मंडळात त्याला सगळे ‘दोनचमचे’ म्हणत. तो अडुसष्ट विरुद्ध शून्य मतांनी निवडून आला. (सहा सभासद तत्त्वासाठी तटस्थ राहिले. तत्त्व कोणतं, याबद्दल त्यांच्यात दुमत होतं.)

दर रविवारी दुपारी चार वाजता तो छापलेले आदेश शेजारी ठेवून, चष्मा पुसून संगणकापुढे बसे. बायकोने पहिल्याच रविवारी विचारलं, “खेळताय का?”

“नाही. अंमलबजावणी करतोय.”

तिने दार हलकेच ओढून घेतलं. घरात आजारी माणूस असला की ती असंच ओढून घेई.

राष्ट्राचं तिसरं गाव नदीच्या वळणावर वसलं, तेव्हा त्याच्यासाठी एकतीस नावं सुचवली गेली. मतदानाच्या दोन फेऱ्या झाल्या, निकाल लागला नाही. नामकरण समितीचा अहवाल येईपर्यंत दप्तरात काहीतरी लिहायला हवं म्हणून ‘तूर्तास’ असं लिहिलं. तेच नाव पडलं. तूर्तासच्या गावप्रमुख होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे बाईच म्हणत. मंडळाच्या घटनेतली चाळीसपैकी नऊ कलमं त्यांच्या हातची होती. त्यांतलं चौदावं असं होतं: ‘कळदाबकाने लेखी आदेशाशिवाय कोणतीही कळ दाबू नये, मग ती कितीही योग्य असो.’

तूर्तासची लोकसंख्या तीन होती. बाई दर आठवड्याला तिच्यावर आठ पानांचा अहवाल लिहीत. विहिरीचं पाणी, धान्याचं कोठार, शाळेची हजेरी. (खेळात शाळेची सोय नव्हती. बाईंनी ती अहवालात काढली होती.) हे अहवाल पूर्ण वाचणारा औषधवाला एकटाच. कोणाला सांगितलं नसतं त्याने, पण दुकानात गोळ्या मोजतानाही मधेच त्याच्या मनात येई, कोठाराचं छप्पर झालं असेल का.

विसाव्या फेरीच्या रविवारी शेजारच्या राष्ट्राचे घोडेस्वार तूर्तासच्या वेशीवर आले.

गावात सैनिक नव्हता. एक भालाईत होता, पण तो नकाशावर एक घर, म्हणजे एक चौकोन, पलीकडे टेकडीवर. त्याला संरक्षणमंत्र्यांचा लेखी आदेश होता, ‘टेकडीवर उभे राहून परिस्थितीवर लक्ष ठेवावे.’ तो ठेवत होता. संरक्षणमंत्री लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करत, आणि त्या दुपारी कुठल्याशा इमारतीत चौथ्या आणि पाचव्या मजल्यांमध्ये दोन माणसं अडकलेली असल्यामुळे फोन उचलत नव्हते. इंटरनेटवरच्या बैठकीला नऊ जण होते. गणपूर्तीला पंधरा लागत.

“दोनचमचे,” बाईंचा आवाज आला, “भालाईताला एक घर डावीकडे घेता का?”

“बाई, लेखी नाहीये.”

“माहीत आहे मला. कलम माझंच आहे.”

औषधवाल्याने छापलेले आदेश पुन्हा एकदा चाळले. मग बाई म्हणाल्या, “कोठार परवाच पुरं झालंय हो.”

औषधवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. बावीस वर्षांत त्याने चिठ्ठीशिवाय खोकल्याचं औषधही दिलं नव्हतं. त्याने कळ दाबली. भालाईत गावात आला, घोडेस्वार चालून आले, आपटले आणि मागे हटले. गाव वाचलं.

अध्यक्ष दंतवैद्यांच्या खुर्च्या विकत, त्यामुळे कोणालाही बेसावध असताना गाठायची त्यांना सवय होती. ते एवढंच म्हणाले, “नोंद घ्या.”

खटला नऊ आठवडे चालला. आरोप होता ‘विनापरवाना योग्य कृती’. एकशे त्रेचाळीस पानांच्या जबान्या झाल्या. त्यांत भालाईत डावीकडे सरकला की पश्चिमेकडे, याच्यावर बावीस पानं गेली. औषधवाला दुकानात प्रत्येक चिठ्ठी तीनतीनदा वाचू लागला. रांग रस्त्यापर्यंत जाई.

“पण गाव वाचलं ना?” बायकोने विचारलं.

“वाचलं.”

“मग?”

“तेच तर,” तो म्हणाला, आणि भाताचा घास तसाच हातात धरून बसला.

मुख्य न्यायाधीश व्यवसायाने चष्मेवाले होते. दोन्ही बाजू नीट दिसाव्यात याची त्यांनी काळजी घेतली. त्यांच्या मते आरोपीचा हेतू चांगला होता, परिणाम चांगला होता, आणि म्हणूनच पायंडा घातक होता. सबब, खेळ त्या कळीच्या आधी जिथे सेव्ह केलेला होता तिथे परत न्यावा, आणि तूर्तासला कायदेशीर मार्गाने जळू द्यावं. तसा ठराव एकसष्ट विरुद्ध एक मताने मंजूर झाला. विरोधातलं एक मत संरक्षणमंत्र्यांचं होतं. चुकीचं बटण दाबलं गेल्याबद्दल त्यांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली.

बाईंनी ठरावाच्या बाजूने मत दिलं. रात्रभर विचार करून दिलं असावं, कारण औषधवाल्याला त्यांचा निरोप सकाळी आला: ‘राग मानू नका. गाव माझं होतं, पण कलमही माझंच.’ त्याला राग आला नव्हता. त्याला फक्त त्या दिवशी दुकान उघडावंसं वाटलं नाही. तरी त्याने उघडलं.

अंमलबजावणी अर्थातच त्यालाच करायची होती. त्या रविवारी मंडळाच्या इतिहासात प्रथमच चौऱ्याहत्तरही सभासद हजर राहिले. बाईंनी गावाच्या निरोपाचं बारा पानी टिपण वाचलं. तिसऱ्या पानावर त्यांचा आवाज गेला, उरलेली पानं अध्यक्षांनी वाचली. मग औषधवाल्याने जुना डाव उघडला, भालाईताला टेकडीवर राहू दिलं आणि फेरी संपवली.

घोडेस्वार वेशीवर आले, थांबले, आणि उत्तरेकडे निघून गेले.

(संगणक दर वेळी नव्याने विचार करतो. ही शक्यता मंडळात कोणी गृहीत धरली नव्हती.)

“जळलं का?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही.”

“ठरावात काय आहे?”

“जळावं, असं आहे.”

“मग पुन्हा करून बघा.”

त्याने आणखी तीनदा करून पाहिलं. दुसऱ्या खेपेला घोडेस्वार नदीवर घोड्यांना पाणी पाजून गेले. परिस्थिती गंभीर होती. एका बाजूला एकसष्ट सभासदांची इच्छा, दुसऱ्या बाजूला मूठभर परकीय घोडेस्वारांची लहर. लोकशाहीत याचं उत्तर अवघड नसतं. दोन तासांच्या चर्चेनंतर ठराव झाला: ‘तूर्तास जळाल्याचे समजण्यात यावे.’ हे गावाबद्दल आहे की ही तात्पुरती सोय आहे, अशी शंका एका सभासदाने काढली. तिच्यासाठी उपसमिती नेमली.

तेव्हापासून तूर्तासच्या कोठारातलं धान्य कोणाला वापरता येत नाही, कारण ते जळालं आहे. नकाशात गावाच्या घरांतून चुलींचा धूर दिसतो, तो आगीचा धरावा असं परिपत्रक आहे. बारावा मंत्री पुनर्वसनाचा. कळदाबकाच्या पदासाठी ‘उमेदवार आपण होऊन कधीही बरोबर ठरलेला नसावा’ अशी अट घातली, आणि ती मान्य करायला कोणी तयार होईना. त्यामुळे सात महिन्यांत एकही फेरी झालेली नाही. सभासद मात्र दोनशे बारा झाले आहेत. खेळ बंद पडल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही, असं नव्हे. तो विषय विषयपत्रिकेवर सतरावा आहे.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना बाईंचा फोन आला.

“दोनचमचे, तुम्हाला अजून आठवतं का हो ते?”

“कोठार?”

“हं,” बाई म्हणाल्या. “आपण दोघंच निराळा खेळ मांडू या का? मंत्री नकोत, कलमं नकोत. तुम्हाला वाटेल ती कळ दाबा.”

औषधवाल्याने लगेच हो म्हटलं. असं त्याला कोणी कधी म्हटलं नव्हतं. पुढच्याच रविवारी ते दोघं फोन जोडून आपापल्या संगणकापुढे बसले. पहिली फेरी. पहिलं गाव कुठे वसवायचं? त्याला नदीकाठ बरा वाटत होता, बाईंना टेकडीचा पायथा. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. बाई म्हणाल्या, छे, तुम्ही म्हणाल तसं. यात वीस मिनिटं गेली.

शेवटी तो चाचरत म्हणाला, “मत घेऊ या का?”

“मी म्हणणारच होते,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना किती हलकं वाटलं ते त्याला फोनवरही कळलं.

मतदान झालं. एक विरुद्ध एक.

तेव्हा तिसरं माणूस लागणार, हे उघड आहे. ते सोशीक हवं. दुसऱ्याचे लांबलचक अहवाल त्याने शेवटपर्यंत वाचावेत, न जळालेलं गाव जळालं असं सांगितलं तरी मधे हात वर करू नये, आणि एवढं सगळं होऊनही त्या खेळात जिंकत कोण होतं, हे एकदाही विचारू नये. असं माणूस मिळणं कठीण, असं बाईंचं मत होतं. परंतु या ओळीपर्यंत आलेल्या वाचकाच्या रूपाने ते मिळालं आहे, आणि आपलं नाव एकमताने सुचवण्यात आलं आहे. हरकत असल्यास ती लेखी कळवावी, न कळवल्यास संमती गृहीत धरली जाईल. हे छापायला जाईपर्यंत आपली हरकत आलेली नाही.