अंड्यात पिकवलेला डॉलर

"नाण्यावर रंग चढवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" मी बायकोला, लोर्नाला, छातीठोकपणे सांगितलं.

आमच्या आयोवातल्या छोट्या गावात जुनी नाणी जमवणाऱ्यांचं प्रदर्शन भरतं आणि शेजारचा एल्वूड आपला जुना चांदीचा डॉलर मांडून दरवर्षी बक्षीस उचलतो. काय ते रंग! कडेला निळा, मग जांभळा, मध्ये मधासारखा पिवळा. मोरच जणू गोल वळून झोपलाय! कागदी पाकिटातल्या गंधकाने वर्षानुवर्षं हळूहळू चढलेला रंग तो.

"हळूहळू कशाला? गंधक अंड्यातही असतं!"

"तुझा चांदीचा डॉलर मी तुला निवृत्तीची भेट म्हणून दिलाय," लोर्ना म्हणाली. "वाट लावलीस तर बघ!"

ती बाजारात गेली आणि मी भांडंभर अंडी उकडली, कुस्करली, डब्यात भरली, मध्ये डॉलर खोचला. थोड्या वेळाने झाकण उघडलं. सोनेरी! पुन्हा उघडलं. गुलाबी! आता निळा आला की काढायचा. मी इतक्यांदा झाकण उघडलं की घरभर वास सुटला. मला कळणार कसं? सर्दीने नाक चोंदलेलं!

लोर्ना परतली ती दारातच किंचाळली, "गॅस गळतोय!" मी तोंड उघडायच्या आत तिने मला कॉलर धरून बाहेर ओढलं. पाठोपाठ आगीचा बंब. सगळी गल्ली रस्त्यावर!

"मला आत जाऊ द्या!" मी बंबाच्या प्रमुख बाईंना म्हणालो.

"कशाला?"

शेजारीच एल्वूड सपाता घालून उभा. खरं कसं सांगू?

"चष्मा राहिलाय."

"नाकावर आहे, आजोबा. मागे व्हा!"

आत माझा डॉलर निळा होत असणार आणि मी इथे! तेवढ्यात बाई ओरडल्या, "सगळ्या गल्लीचा गॅस तोडा!"

"अहो, माझ्या ओव्हनमध्ये नातीच्या लग्नाचा केक आहे!" समोरची हेझेल रडकुंडीला आली. माझा धीर सुटला.

"थांबा! गॅस नाही... अंडी आहेत!"

बाईंनी आत जाऊन डबा हातभर लांब धरून आणला. डॉलर तव्याच्या बुडासारखा काळा! लोर्नाने डब्यात एकदा पाहिलं आणि माझ्याकडे पाठ फिरवली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

एल्वूड खदखदून हसेल वाटलं होतं. तो हळूच म्हणाला, "निळ्याच्या पुढे काळाच येतो रे. माझाही वर्षागणिक गडद होत चाललाय. त्या काळजीने झोप लागत नाही." मग घरात गेला आणि पांढराशुभ्र डॉलर आणि जुनं कागदी पाकीट घेऊन आला. "हा घे. पाकिटात घालून खणात ठेव आणि विसरून जा. एकट्याने बक्षीस नेण्यात काय मजा?"

"रंग यायला किती दिवस?"

"दिवस? वीसेक वर्षं धर."

मी एकाहत्तरचा! तेव्हा कुठे लोर्ना माझ्याकडे वळली. "मग आधी तुला टिकवायला हवं!"

त्या दिवसापासून बेकन बंद, लोणी बंद, सकाळी ओट्सची लापशी. परवा डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "अशीच काळजी घ्या, नव्वदी आरामात ओलांडाल!"

लोर्नाने आनंदाने माझा हात दाबला. संधी साधून मी विचारलं, "मग आता बेकन?"

"हो तर! नव्वदी ओलांडलीस की!"