फीत कापेपर्यंत ऊन झाकून ठेवणे

लुतेलूची एक खोड फियालुपेला त्याच्या लहानपणापासून खुपत असे: नवी वस्तू तो वापरत नसे, जपत असे. चपला घेऊन चार वर्षं झाली, तरी तो त्या हातात धरून अनवाणी चाले आणि चर्चच्या दारात पोचल्यावर पायात घाली. बहिणीच्या माघारी फियालुपेनेच त्याला वाढवला. त्यामुळे त्याला वाटेल ते बोलायचा हक्क तिला होता, आणि तो ती रोज बजावी. आता हा माणूस बेटाच्या मंडळाचा सेक्रेटरी झाला होता. चपलांपुरतं होतं तोवर गावाने सोसलं.

मग राजधानीच्या बोटीने सोलर पॅनेल आणि कपाटाएवढी बॅटरी आली. मोतुफाला बेटावर वीज म्हणजे डिझेलचा जनरेटर: दुपारी चार तास, संध्याकाळी चार तास, आणि डिझेलची बोट लांबली तर नुसता समुद्राचा वारा. आता चोवीस तास वीज मिळणार, असं बसवणारे मिस्त्री सांगून गेले. जाताना त्यांनी खटक्यांच्या पेटीला लाल फीत बांधली. मंत्रीसाहेब येऊन ती कापतील, दुसऱ्या कुणी कापायची नाही, असं पत्र होतं. लुतेलूने पत्राला चौकट करून घेतली.

मंत्रीसाहेबांना बोट लागते. पहिल्या खेपेला ते आलेच नाहीत. दुसऱ्या खेपेला आले, लाटा पाहिल्या, बोटीवरूनच हात हलवला आणि परत गेले.

इकडे बॅटरीच्या पुस्तकात लिहिलं होतं की तिची खोली थंड ठेवावी. लुतेलूने एसी लावला. बॅटरीची वीज उद्घाटनाआधी वापरायची नव्हती, म्हणून एसी जनरेटरवर चालवला, अहोरात्र. डिझेल तर तेवढंच. तेव्हा सभाघराच्या फळ्यावर सूचना लागली: "सौरऊर्जा योजना यशस्वी झाल्यामुळे गावाचा वीजपुरवठा उद्यापासून दोन तास राहील. ग्रामस्थांनी अभिमान बाळगावा."

गावाने दोन तास अभिमान बाळगला आणि बावीस तास घाम पुसला.

पुढे बॅटरी काठोकाठ भरली. भरलेल्या बॅटरीत आणखी भरू नये, असंही पुस्तकात होतं. बंद करायचं तर सगळे खटके फितीमागे. लुतेलूने रीतसर विचार केला आणि महिला मंडळाकडे मागणी पाठवली: केवड्याच्या पानांच्या चाळीस चटया, पॅनेलवर ऊन पडू नये म्हणून.

मंडळाची प्रमुख फियालुपेच. "उन्हासाठी आणलेल्या काचा उन्हापासून झाकायच्या?" तिने विचारलं.

"तात्पुरत्या, मावशी."

बायकांनी चटया विणल्या. पॅनेल सावलीत विसावली.

शनिवारी फियालुपेच्या नातीचं, सोसेचं लग्न होतं. मुलांनी बुधवारी अकरा मोठे कुपा मासे आणून महिला मंडळाच्या फ्रीजरमध्ये ठेवले. दोन तासांच्या विजेवर तो फ्रीजर गुरुवारी दुपारी टपटप गळू लागला. मासा नासला तर नवरदेवाची माणसं खोबरं चघळून परत जाणार होती, आणि फियालुपेच्या घरी लग्नात मासा नव्हता ही बातमी त्यांच्याआधी त्यांच्या बेटावर पोचणार होती.

ती तडक बॅटरीघराकडे निघाली. अर्धं गाव मागे. दारात लुतेलू उभा होता, अंगात स्वेटर, काखेत चपला.

"मेल्या, अख्ख्या बेटावर थंडी वाजतेय ती तुला एकट्याला!"

"नियम आहे, मावशी. खोली तापता कामा नये."

"आणि माझा मासा?"

"माशाबद्दल पुस्तकात काही नाही."

"नवी वस्तू आणायची, तिची बडदास्त ठेवायची आणि वापरायची नाही? कुणी शिकवलं रे तुला हे?"

लुतेलू जन्मात पहिल्यांदा उलटून बोलला. "तू. तुझ्या थोरल्या मुलाने जहाजावरच्या नोकरीतून आणलेल्या चोवीस बशा, निळ्या फुलांच्या. तेरा वर्षं पेटीत आहेत. मी एकदा हात लावला तर बडवलं होतंस. कोण यायचंय त्यात जेवायला?"

लुतेलूची फजिती बघायला आलेलं गाव हसलं नाही. जो तो आपल्या पायांकडे बघू लागला. प्रत्येकाच्या घरी एक पेटी होतीच. तुमच्या घरी पेटी नसेल, तर काचेचं कपाट असेल.

फियालुपे भांडण अर्धवट टाकून बायकांकडे वळली. बेटावर अशी नोंद आधी नव्हती.

"बायांनो," ती म्हणाली, "चटया काढा. शनिवारी पाहुण्यांना बसायला लागतील."

चाळीस चटया भराभर गुंडाळल्या गेल्या. पॅनेल लखलखली. लुतेलूचा चेहरा उतरला.

"मावशी, भरलेली आहे ती! आणखी भरली तर?"

"मग रिकामी कर."

"फीत कापायचा अधिकार मंत्रीसाहेबांचा आहे!"

"कापायला कोण सांगतंय? गाठ सोड. साहेब आले की परत बांध."

लुतेलूने पत्र दोनदा वाचलं. गाठ सोडण्याला मनाई कुठेच नव्हती. त्याने नखांनी गाठ सोडली, फितीची घडी करून खिशात ठेवली आणि खटका दाबला. पलीकडे फ्रीजर घुरघुरला. बायकांनी टाळ्या पिटल्या.

फियालुपेने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ऐक, लुतेल्या. जपून ठेवायचा रोग तुला माझ्याकडूनच लागला, नाही म्हणत नाही. पण माझ्या बशांनी तेरा वर्षांत थेंबभर डिझेल प्यायलं नाही, आणि त्यांना गारवा हवा म्हणून मी कुणाच्या घरी अंधार केला नाही. शनिवारी काढतेय मी बशा. चपला पायात घालून ये. हातात घेऊन आलास, तर तुला एकट्याला पानावर वाढीन."