कॉलरपुरतंच

"या पिशवीला कुणी हात लावायचा नाही," मुलाने उंबऱ्यातूनच बजावलं. पिशवी घरात आली आणि काकूंनी घाईघाईने दोन्ही खिडक्या उघडल्या.

काकूंची लाँड्री होती. पुढे रस्त्याला लागून दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. शाई असो, गंज असो, काकूंच्या हातून डाग निघाला नाही, असं कधी झालं नव्हतं. अशा बाईचा एकुलता एक मुलगा जंगलात जाऊन प्राण्यांच्या फिल्मा काढायचा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा, चिखलातून उपसून काढल्यासारखा घरी यायचा. "आपण जन्मभर गावाचे कपडे धुतले, आणि आपल्याच पोराला पाहून गिऱ्हाईक मागे फिरतं," काका हसून म्हणायचे. काकूंना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

"आहे काय त्यात?" काकूंनी नाकाला रुमाल लावून विचारलं.

"माझा शर्ट. आई, नीट ऐक. नदीकाठी एक पाणमांजर आहे, मादी. तिची पिल्लं अजून बिळातच आहेत. ती बाहेर काढेल तेव्हाच मला फिल्म मिळणार. मी समोर पाल्याच्या लपणात दिवसभर बसून असतो. जळवा लागतात, मुंग्या चावतात, पण हलायचं नाही. शिंक आली तरी गिळायची."

"शिंक गिळतात होय रे?"

"गिळावी लागते. आणि तिचं नाक भारी तिखट. नवा वास आला, की पिल्लांना तोंडात धरून दुसरं बीळ गाठणार. मग माझा सगळा हंगाम वाया. पावसाळा संपल्यापासून मी हाच एक शर्ट घालतोय. त्याच्या वासाची तिला सवय झालीय. हा शर्ट अंगात असला, की तिच्या लेखी मी म्हणजे नुसता ओंडका."

"घरी तरी कुठे वेगळा असतोस?" काका वर्तमानपत्रामागून म्हणाले.

मुलगा हसला नाही. "मागच्या वेळी माझ्या जंगलातल्या पँटवरचे हिरवे-तपकिरी ठिपके तू डाग समजून काढत बसलीस."

"निम्मेच निघाले," काकू पुटपुटल्या.

"आई, तुला माझं काम म्हणजे पोरखेळच वाटतो. बाकी काही नको, एवढं एक ऐकशील?"

काकूंनी मान डोलावली, अगदी मनापासून. लेकराच्या आवाजातलं ते खोल गेलेलं काहीतरी त्यांना लागलं होतं. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची काच दुरुस्त करून आणायला तो गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. संध्याकाळी यायचा होता आणि त्याच्या पुढच्या सकाळी जंगलात परतायचा होता.

काकूंनी पिशवी उघडली ती निव्वळ शर्टाला हवा लागावी म्हणून. एवढा घामाचा कपडा कोंडून ठेवला तर त्याला बुरशी धरेल, हे धंद्यातलं माणूस सांगेल. शर्ट त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला. त्याची कॉलर मात्र नेमकी डोळ्यांसमोर आली. इतकी काळी कॉलर त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. मादी काय कॉलर हुंगायला येणार आहे, असा विचार करून त्यांनी ब्रशला थोडा साबण लावला. कॉलरपुरतंच.

कॉलर निघाली लख्ख. आता लख्ख कॉलरीखाली तो शर्ट असा दिसू लागला, की कालचा शर्ट बरा म्हणावा. कुणाच्याही लक्षात आलं असतं. तेव्हा निदान खांद्यापर्यंत सारखं करून घ्यावं म्हणून त्यांनी खांदे घासले. मग बाह्या काय म्हणून मागे ठेवायच्या? काकू भानावर आल्या तेव्हा शर्टाला नीळ झाली होती, खळ झाली होती आणि त्या दुसऱ्या बाहीवर इस्त्री फिरवत होत्या.

"अगं, हा कुणाचा शर्ट?" काकांनी कौतुकाने विचारलं.

काकूंनी इस्त्री बाजूला ठेवली आणि खाली बसून सगळं सांगितलं.

"सांगून टाक त्याला," सगळं ऐकल्यावर काका म्हणाले. "चिडेल आणि निवळेल."

"चिडला तर बरंच होतं हो. तो नुसता गप्प बसेल. 'आईला नाहीच कळायचं' म्हणून गप्प बसेल. ते मला नाही सोसायचं." काकू उठल्या. "घाण निघते तशी लागतेही. घाला हा शर्ट."

"मी?"

"घामापासून सुरुवात करू. वरून स्वेटर घाला आणि जिना चढा-उतरा."

काका बिचारे चढले आणि उतरले. वरच्या मजल्यावर टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या बाई दाराशी आल्या. "काका, एवढ्या उन्हात स्वेटर? बरं नाही का?"

"बायको आहे खाली," काका धापा टाकत म्हणाले आणि पुन्हा उतरले.

घाम आला भरपूर, पण शर्टाला वास आला तो बामाचा. काका सकाळीच पाठीला बाम चोळून बसले होते. अशा वासाने पाणमांजरच काय, हत्तीसुद्धा जंगल सोडून गेला असता. बाम घालवायला काकूंना तो शर्ट पुन्हा धुवावा लागला, आणि या खेपेला तो आधीपेक्षाही पांढरा निघाला. नको तेव्हा हाताला असं यश येतं.

मग काकू इरेला पेटल्या. कुंड्यांमधली माती पाण्यात कालवून त्यांनी शर्ट तिच्यात तुडवला. पाणमांजर मासे खातं हे आठवल्यावर मासेवालीकडून टोपलीखालचं पाणी मागून आणलं.

"काकू, हे पाणी कशाला हो?" मासेवालीने डोळे बारीक केले.

"कपडे भिजवायला."

मासेवालीने त्या क्षणी ठरवलं, की आपली चादर यापुढे दुसऱ्या लाँड्रीत टाकायची.

शर्ट मागच्या तारेवर वाळत घातला, आणि काकू हात धुवायला वळतात न वळतात तोच टायपिंगवाल्या बाईंच्या बोक्याने तो चिमट्यांसकट ओढून नेला. मागोमाग गल्लीतली दोन मांजरं आली. आधी खेचाखेची, मग मारामारी, आणि शेवटी तिघं शर्टासकट गटारात. काका काठी घेऊन धावले, काकू झाडू घेऊन. शर्ट हाती आला तेव्हा त्याचा खिसा लोंबत होता आणि रंग कुठला ते सांगता येत नव्हतं.

टायपिंगवाल्या बाई नाक दाबून खाली आल्या. "काकू, गटार तुंबलंय का कुठे? का घूस मेली? वर बसवत नाही हो कुणाला!"

"खरंच एवढा घाण वास येतोय?" काकूंनी आशेने विचारलं.

"अहो, क्लास सोडून दिला मी!"

काकूंचा जीव भांड्यात पडला. आपल्या हातच्या कपड्याची अशी तारीफ ऐकून त्यांना आयुष्यात प्रथमच बरं वाटलं. खिसा शिवून, शर्ट शेगडीवर सुकवून त्यांनी पिशवीत कोंबला.

संध्याकाळी मुलाने पिशवीत डोकावून पाहिलं, चटकन मान मागे घेतली आणि गाठ मारली. मग आईजवळ येऊन म्हणाला, "हात लावला नाहीस. फार बरं वाटलं, आई."

जन्मभर काकूंनी त्याचे कपडे धुतले, त्याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नव्हता. न धुतल्याबद्दल आज बोलला, आणि नेमकं तेच खोटं होतं. काकूंनी पोळल्याचं सोंग करून बोट तोंडात घातलं आणि त्या आत निघून गेल्या.

तो गेल्यावर काकूंचं चित्त थाऱ्यावर राहिना. डॉक्टरांच्या कोटाला नीळ जास्त झाली, वकिलांची पँट शिक्षकांकडे गेली. इस्त्री फिरवता फिरवता त्यांना ती मादी दिसायची. तीही आईच. लेकरांना बाहेर काढावं की नाही, म्हणून बिळाच्या तोंडाशी हवा हुंगत असेल. समोर आपला मुलगा जळवा पोसत बसलेला, आणि मध्ये तो शर्ट.

"पळाली असेल हो ती," त्या म्हणायच्या.

"आपण नदीकाठी नाही ना राहत? मग आपल्याला कसं कळणार?" काका म्हणायचे. याने कुणाचं समाधान होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मोबाइल यायच्या आधीचे ते दिवस. फोन होता तो दुकानात, गल्ल्याच्या बाजूला. एका सकाळी तो वाजला.

"आई! आज कुठे फोनपर्यंत पोचलो. पिल्लं बाहेर आली! तीन! एक पाण्याला घाबरत होतं, तर तिने मानेला धरून सरळ ढकललं. रीळ संपेपर्यंत सगळं मिळालं मला!"

काकूंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "शर्ट... शर्ट घातला होतास ना?"

 पलीकडे त्याचा आवाज एकदम खाली आला. "कुणाला सांगणार नाहीस ना? बाबांनासुद्धा?"

"नाही रे. काय झालं?"

"पहिल्याच दिवशी लपणात शिरलो तर शर्टाचा वास मलाच सहन होईना. घरी राहून माझं नाक बदललं बहुतेक.  शेवटी नदीच्या खालच्या अंगाला जाऊन गुपचूप धुतला."

"धुतलास?"

"साबण लावून. आणि दुसऱ्याच सकाळी ती पिल्लांना घेऊन बाहेर!"

काकांनी इस्त्री उभी केली आणि 'आता तरी सांग' अशी खूण केली. काकूंनी पाठ फिरवली. "काही लाज आहे का?" त्या कडाडल्या. "नियम केले ते काय उगाच? कामाला काही शिस्त नको?"

काका आ वासून पाहत राहिले.

"चुकलं, आई. पण तुला सोडून कुणाला सांगणार होतो मी?" काकूंनी काकांना हातानेच लांब व्हायची खूण केली. तो पुढे म्हणाला, "आणि आता अंगाशी येणार आहे. उद्या आमचे फिल्मवाले साहेब येतायत. त्यांना सवय आहे, आल्या आल्या एकेकाचा शर्ट हुंगून बघतात, कुणी धुतला तर नाही ना म्हणून. माझ्या शर्टाला तर अजून साबणाचा वास आहे. कपड्यातलं तुझ्याएवढं कुणाला कळतं? धुतलेला शर्ट पुन्हा होता तसा घाण करायला काही उपाय असतो का गं?"

काकूंनी दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि पायाने स्टूल ओढून त्यावर ऐसपैस बसल्या. अवघड डाग घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलताना लागायचा, तसा त्यांचा आवाज लागला.

"असतो ना," त्या म्हणाल्या. "पेन्सिल आहे का हाताशी? लिहून घे."