माईक चावत न्हाई

माईक चालू आहे का हे बघायला सगळ्या जगात "हॅलो, हॅलो" म्हणतात. आमच्या शेजारचे एन. के. मात्र त्यासाठी पाचवी-सहावीतलं एखादं लाजरं पोर धरून आणतात. त्याच्या हातात माईक देतात आणि म्हणतात, "आदी पुरं नाव. मग काय बोलायचं ते बोल. माईक चावत न्हाई."

एन. के. म्हणजे राहुरीकडच्या आमच्या गावातले मंडप-स्पीकरवाले. पोरं त्यांना अण्णा म्हणतात. मी इथल्या शाळेत शिकवते, त्यामुळं ही लाजरी पोरं बहुतेक माझ्याच वर्गातून उचललेली असतात. एकदा भर लग्नात एका मुलानं नाव सांगितलं आणि अंगात जोर येऊन पुढं म्हणाला, "आन् आमच्या म्हशीला रेडी झाली!" वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. मुहूर्त टळतोय म्हणून भटजी चडफडत होते.

"जरा थांबा महाराज," एन. के. म्हणाले, "म्हशीचं पुरं होऊ द्या."

मोठी पोरं का नकोत, असं मी एकदा विचारलं होतं. "धा-बारा वर्साचंच पायजे, बाई. त्याच्या आदी लाज कळत न्हाई, आन् नंतर सुटत न्हाई."

स्वतः ते मात्र माईकवर चकार शब्द बोलत नाहीत. टेम्पोवर एन. के., पावतीवर एन. के., जुन्या माणसांच्या तोंडीही आता एन. के.च. 'एन म्हणजे काय हो?' असं विचारलं की त्यांना नेमकी कुठलीतरी वायर तपासायची आठवण होते.

यंदा शाळेत मुलींच्या बाथरूमचं पाणी बंद पडलं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत हे मुलींनीच सांगायचं ठरलं आणि वर्गानं सहावीतल्या रूथ साळवेला पुढं केलं. आदल्या संध्याकाळी ती रडवेली होऊन माझ्या ओट्यावर आली.

"बाई, बानातलं ते अक्षर मला म्हनताच येत न्हाई. माज्या तोंडातून 'पानी'च येतं. लोक हसतील."

एन. के. शेजारीच केबल गुंडाळत बसले होते. "मला बी हसले हुते," ते खाली बघत म्हणाले. "सहावीतच. झेंडावंदनाला नाव सांगाया हुबा ऱ्हायलो, तर गुरुजी म्हनले, चुकलं, परत म्हन. परत तसंच आलं. सगळी शाळा हसली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलोच न्हाई."

"काय नाव?" रूथनं विचारलं.

एन. के. वायर तपासायला उठले.

"आन्ना, मी बोलते. पन मग तुमी बी नाव सांगायचं."

"बरं, बरं," ते घाईनं म्हणाले.

ग्रामसभेत रूथनं पुरं नाव सांगितलं. "आमच्या बाथरूमात पानी न्हाई," एवढं म्हणाली आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. ती थांबली. एन. के.नी मान वर न करता आवाजाचं बटण पिरगाळलं. रूथनं त्यांच्याकडं बघितलं आणि पुन्हा तोंड उघडलं. "पानी न्हाई!" कर्णे असे गरजले की हसणारा दचकून गप्प झाला. "म्हनून आमी पोरी दिवसभर पानी पीत न्हाई."

यावर कुणीच हसलं नाही. सरपंचांनी उभं राहून नळ दुरुस्त करायचा शब्द दिला.

रूथ खाली बसली नाही. माईक घेऊन सरळ एन. के.कडं गेली. "आन्ना, आदी पुरं नाव."

त्यांचा हात वायरकडं गेला.

"वायर बरी हाय," रूथ म्हणाली. "माईक चावत न्हाई."

त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला. घसा खाकरला, तोही गावभर ऐकू गेला.

"नारायन," ते म्हणाले. "नारायन कोंडिबा ढवळे."

चुकलं म्हणणारे गुरुजी केव्हाच वारले होते. एन. के.नी माईक रूथला द्यायला पुढं केला, मग थांबले, पुन्हा तोंडाजवळ आणला आणि कुणी न सांगता तेच नाव परत एकदा म्हणाले.